घरी बाळंतपण, सोबत मिडवाइफ: मुंबईत ही सेवा घेण्याआधी काय तपासावं

निकाल आधीच सांगतो, कारण हे वाचणाऱ्या अनेकींना सातवा-आठवा महिना लागलेला असेल. मुंबईत घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या नोंदणीकृत मिडवाइफची, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची, सेवा खरोखर चांगली असू शकते. मात्र ती सगळ्यांसाठी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई, आधीचं बाळंतपण नीट झालेलं, आताचे नऊ महिनेही सुरळीत गेलेले, आणि चोवीस तास सिझर होऊ शकेल असं रुग्णालय गर्दीच्या वेळीही वीस मिनिटांत गाठता येणारं, अशा घराला आम्ही ही सेवा मनापासून सुचवतो. पहिलटकरणीला सुचवताना थांबतो. आधी सिझर झालेलं असेल, जुळं असेल, मूल पायाळू किंवा आडवं असेल, बीपी १४०/९० किंवा त्यावर गेलं असेल, साखरेसाठी इन्सुलिन चालू असेल, वार खाली असेल किंवा ३७ आठवड्यांआधीच कळा सुरू झाल्या असतील, तर सरळ रुग्णालय. या यादीवर घासाघीस करून ‘बघू, होईल नीट’ म्हणणारी मिडवाइफ भेटली, तर तिच्याकडून सेवा घेऊ नका.

पहिलटकरणीबद्दल एवढं जपून बोलायला कारण आहे. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांहून अधिक बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना बाळंतपणात किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावं लागलं. आधी बाळंत झालेल्यांमध्ये हेच प्रमाण १२ टक्के होतं. पहिलटकरणींच्या बाळांमध्ये मृत्यू किंवा गंभीर इजा धरून वाईट परिणाम हजारी ९.३ होते, तर डॉक्टरांच्या प्रसूती विभागात ठरवलेल्या बाळंतपणांत ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांत असा फरक दिसला नाही. आणि हे त्या देशातलं चित्र, जिथे घरी येणारी मिडवाइफ, अॅम्ब्युलन्स आणि रुग्णालय एकाच व्यवस्थेचे भाग आहेत. मुंबईत हे तीन धागे आपल्यालाच बांधावे लागतात. म्हणून या सेवेची पारख करताना आमची कसोटी एकच असते: गरज पडली तर घरातून रुग्णालयाकडे निघायची तयारी मिडवाइफ किती नेमकी करते.

सुरुवात कागदांपासून करा. मुंबईत ‘नॅचरल बर्थ’ या नावाखाली तीन वेगळ्या प्रकारच्या बायका भेटतात आणि घरचे त्यांची गल्लत करतात. डूला ही कळांच्या वेळी धीर देणारी, कंबर चोळणारी, श्वासावर लक्ष ठेवायला लावणारी सोबतीण. तिची मदत मोलाची असते, पण ती तपासणी करत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ हातात घेण्याची जबाबदारी तिची नाही. परंपरेने आलेली सुईण अनुभवी असली तरी तिच्याकडे औषधं नसतात आणि रुग्णालयात तिचं म्हणणं कोणी नोंदवून घेत नाही. तिसरी म्हणजे नर्सिंगचं शिक्षण घेतलेली, परिचारिका आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदी असलेली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख तिला सरळ विचारा. भिंतीवर परदेशी प्रमाणपत्र असेल तर तो चांगला जादा गुण, पण इथल्या नोंदणीची जागा ते घेऊ शकत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक तत्त्वांत नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देण्याची योजना आहे, पण तिचा रोख सरकारी रुग्णालयांतल्या मिडवाइफ कक्षांवर आहे, घरच्या बाळंतपणावर नाही. घरी येणारीची पारख तुम्हालाच करायची आहे.

चांगली सेवा बाळंतपणाच्या दिवशी सुरू होत नाही. २८ आठवड्यांच्या आसपास तिने तुमची पूर्ण फाइल चाळलेली असली पाहिजे: रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ बी (हिपॅटायटिस बी), व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), २४ ते २८ आठवड्यांमधली ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच. ते १० च्याही खाली असेल तर घरी बाळंतपण नको असं स्वतःहून सांगणारी मिडवाइफ आम्हाला विश्वासाची वाटते, कारण रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. कावीळ बी असलेल्या आईच्या बाळाला पहिल्या १२ तासांत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, म्हणजे रुग्णालयच. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर आरएच निगेटिव्ह आईला अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या खेपेच्या बाळाला जपणारं) बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत मिळायला हवं. ते कोण आणणार, कुठल्या फ्रीजमध्ये ठेवणार आणि त्याआधी बाळाचा रक्तगट कुठल्या लॅबमध्ये तपासणार, हे आठव्या महिन्यातच ठरवा. ३६ आठवड्यांना तिने एकदा घरी येऊन घर बघायला हवं. घर न बघता फक्त व्हिडिओ कॉलवर सगळं उरकणाऱ्या सेवेला आम्ही गुण देत नाही.

आता तिची पिशवी. हा भाग शांतपणे, जमिनीवर चादर अंथरून, एकेक वस्तू बाहेर काढून बघा. संकोच करू नका. चांगल्या मिडवाइफला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

सगळ्यात आधी ऑक्सिटोसिन. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही की रक्त वाहत राहतं, आणि ते रोखणारं पहिलं औषध हेच. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत १० युनिट. आपल्याकडे नेहमी मिळणारी अॅम्प्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) ५ युनिटची असते, म्हणजे एका बाईला एवढ्यासाठीच दोन लागतात. रक्त थांबलं नाही तर सलाइनमधून आणखी २० ते ४० युनिट लागतात, म्हणून पिशवीत दहा-बारा अॅम्प्यूल नसतील तर तो साठा अपुरा आहे. संख्येहून मोठा प्रश्न गारव्याचा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात अंधेरीहून मुलुंडला दीड तास रिक्षात डिकीजवळ ठेवलेल्या पिशवीत ते साध्या प्लास्टिकच्या डबीत असेल, तर त्याची ताकद किती उरली हे रंगावरून कळत नाही. लस नेतात तशी जाड भिंतींची पेटी हवी, आत गोठवलेले पॅक आणि अॅम्प्यूल यांच्यामध्ये कापड किंवा स्पंज हवा, कारण औषध गोठलेलंही चालत नाही. घरी आल्यावर ते फ्रीजच्या मधल्या कप्प्यात जातं. दारात ठेवायचं नाही, तिथे दर वेळी दार उघडलं की तापमान चढतं. त्या कप्प्यावर कागद चिकटवून ठेवा, नाहीतर घाईत कोणीतरी डबा पुढे सरकवून पेटीच शोधत बसतं.

त्याच्या जोडीला रक्तस्राव रोखणारी आणखी दोन औषधं, मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या आणि ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम (रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून द्यायचं), ५०० मिलीच्या चार सलाइनच्या बाटल्या, आणि हिरवी किंवा राखाडी कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी). गुलाबी किंवा निळी कॅन्युला बारीक असते, घाईच्या वेळी तिच्यातून सलाइन पुरेशा वेगाने जात नाही. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, म्हणून चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची आणि ते फोनवर रात्री तीनला असतात का, हा प्रश्न इथेच विचारून घ्या.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी मोजणं हे घरच्या बाळंतपणातलं सर्वांत चुकणारं काम. कापसाची गादी रक्त पिऊन टाकते, वर दिसतं ते अर्धंच. म्हणून गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, त्यावर ६० बाय ९० सेंटिमीटरचे अंडरपॅड, साधारण वीस. कोरड्या पॅडचं वजन आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करून लिहून ठेवायचं, नंतर भिजलेल्याचं करायचं. जास्तीचा प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. हिशेब ५०० मिलीकडे जायला लागला की थांबून बघायची वेळ संपली, उपचार आणि निघायची तयारी एकत्र सुरू. हा काटा मिडवाइफने स्वतः मागितला तर समजा तिने हे काम आधी केलेलं आहे.

बाळाला श्वास देण्यासाठी हाताने दाबायची बॅग आणि मास्क, शून्य आणि एक नंबरचे दोन्ही मास्क. तुमच्यासमोर तिला ते जोडायला सांगा. मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबली की झडपेतून हवा सुटल्याचा आवाज यायला हवा. आवाज न येता हवा बाजूने निसटली तर मास्क फाटलेला आहे किंवा धरण्याची सवय नाही. बाळ जन्मल्यावर पुसणं, कोरडं करणं, आईच्या छातीवर ठेवणं यात मिनिट जातं, आणि त्या मिनिटात बाळाने श्वास घेतला नाही तर लगेच हवा द्यावी लागते. म्हणूनच एकट्या मिडवाइफची सेवा आम्ही कोणालाही सुचवत नाही. बाळाला श्वास देताना आईचं रक्त कोण बघणार? खांदा अडकला तर मांड्या पोटाशी घट्ट धरून ठेवायला एक आणि बाळ सोडवायला एक, असे प्रशिक्षित दोन जोडी हात लागतात. दुसरी मिडवाइफ किंवा नवजात बाळाचं पुनरुज्जीवन शिकलेली नर्स निदान जोर लावायच्या टप्प्याला घरात हवी. करारात तिचं नाव लिहिलेलं असावं. ‘त्या वेळी कोणी मोकळी असेल ती येईल’ हे उत्तर पुरेसं नाही.

कळांच्या काळात तिचं काम दिसायला फारसं नसतं. हाताने धरायचा डॉपलर (पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र), दर १५ ते ३० मिनिटांनी कळ संपल्यावर पूर्ण मिनिटभर ठोके ऐकणं, जोर लावण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. ११० ते १६० मधले ठोके ठीक. आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरते. सारखी सारखी तपासणी करणारी घाईत आहे असं समजा. आणि प्रत्येक आकडा वेळेसकट कागदावर उतरलेला असावा, कारण रुग्णालयात गेलात तर डॉक्टर आधी तोच कागद मागतात.

पाण्याचा टब अनेकींना हवा असतो, कोमट पाण्यात कळा सुसह्य होतात हे खरंच आहे. पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो भरणं हे वेगळं गणित आहे. फुगवायच्या टबात सोयीने बसायला सुमारे ४०० लिटर पाणी लागतं, तापमान ३७ अंशांच्या आसपास, ३७.५ च्या वर नाही. घरचा १५ लिटरचा गीझर पाणी ६० अंशांपर्यंत तापवतो असं धरलं आणि नळाचं पाणी २७ अंशांचं असलं, तर एका भरीत मिसळून साधारण ५० लिटर कोमट पाणी होतं. म्हणजे गीझर आठ वेळा तापवायचा. २ किलोवॅटच्या गीझरला एका भरीला १७-१८ मिनिटं लागतात, मधला वेळ धरून अडीच तास. दुसऱ्या खेपेची बाई अडीच तासांत बाळंत होऊन मोकळीही होऊ शकते. त्यामुळे कळा नियमित झाल्यावर टब भरायला घेतला तर उशीर झालेला असतो. पाणी येण्याची वेळ पहाटेची असेल तर गच्चीवरच्या टाकीत पुरेसं आहे का हे आदल्या दिवशीच बघा. ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, वर माणसं. जुन्या चाळीच्या लाकडी तुळयांवर आम्ही हा टब ठेवू देणार नाही. नळाला नवा, न वापरलेला पाइप लावा. बाल्कनीत पडून राहिलेल्या झाडांच्या पाइपमध्ये साचलेलं पाणी टबात नको.

आता निघण्याची तयारी. इथे बहुतेक सेवा कमी पडतात. एक बॅकअप रुग्णालय लिहून दिलं, नंबर दिला, झालं. पण त्या रुग्णालयात तुमची नोंद नसेल तर तुम्ही तिथे ‘अनबुक्ड’ पेशंट म्हणून पोचता, आणि कळा देत असताना रिसेप्शनवर रक्तगटापासून सगळं पुन्हा सांगावं लागतं. म्हणून ज्या रुग्णालयात जायचं तिथे निदान दोनदा तपासणीला जाऊन केसपेपर काढून ठेवा, सगळ्या अहवालांच्या प्रती तिथल्या फाइलमध्ये लावा, आणि घरी बाळंत व्हायचा विचार आहे हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काही डॉक्टर नाराज होतात. होऊ देत, पण लपवून ठेवू नका. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरे शोधायला वेळ असताना कळलेलं बरं.

रस्त्याची चाचणी कागदावर करू नका. घरातून रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला एकदा प्रत्यक्ष जा, आणि घड्याळ फ्लॅटच्या दारापासून सुरू करा, गेटपासून नाही. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, सरळ उभं राहण्यापुरतीच जागा असते. मग दोन हातांची पक्की खुर्ची हवी, आणि ती दोघांनी धरून जिन्याच्या वळणावरून उतरते का हे एकदा रिकामी उतरवून बघा. रात्री बारानंतर लिफ्ट बंद होते का, मागचं गेट कुलपात असतं का, वॉचमनकडे चावी असते का, हेही विचारा. १०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत असते, पण ती येईपर्यंतचा वेळ तुमच्या वीस मिनिटांत मोजायला हवा. आई शुद्धीवर, रक्त जात नाही, फक्त कळा पुढे सरकत नाहीत अशा वेळी घरची गाडी चालते. रक्त जात असेल किंवा बाळाला श्वास द्यावा लागत असेल तर अॅम्ब्युलन्स, आणि मिडवाइफ आत बसलेली.

तारीख जुलै ते सप्टेंबरमधली असेल तर दोन रुग्णालयं ठरवा, एक रेल्वेच्या पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मिलन सबवे, अंधेरी सबवे पाण्याखाली गेले की रूळ ओलांडायला वळसा पडतो. हिंदमाताला पाणी साचलं की दादर-परळकडचा रस्ता खोळंबतो. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळ पट्ट्यात गाडी हलणार नाही हे धरूनच चालायचं, त्या आठवड्यात तारीख असलेल्या बाईने आधीच त्या पट्ट्याबाहेरच्या रुग्णालयात नाव घालावं.

कधी निघायचं, हे मिडवाइफने तुम्हाला लेखी दिलेलं हवं. पाणमोट फुटून पाणी हिरवट आलं, लालभडक रक्त जायला लागलं, ठोके मर्यादेबाहेर गेले, ताप ३८ च्या वर गेला, पहिलटकरणीने तीन तास किंवा इतरांनी दोन तास जोर लावूनही बाळ आलं नाही, वार अर्ध्या तासात पडली नाही, टाके खोलवर घालावे लागणार असले, तर निघायचं. नाळ बाळाच्या आधी बाहेर आली तर आईला गुडघ्यांवर आणि कोपरांवर, ढुंगण वर, डोकं खाली, अशा स्थितीतच न्यायचं. मुख्य म्हणजे निघण्याचा निर्णय एकटी मिडवाइफ घेऊ शकते, हे सासूबाई-आईंसकट घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असावं. दारात ‘अजून थोडं थांबू या’ची चर्चा झाली की दहा मिनिटं जातात.

फीबद्दल. रक्कम बहुतेक वेळा एकरकमी सांगितली जाते, म्हणून तिच्यात काय नाही ते विचारा. टब, दुसरी मिडवाइफ, बॅकअप डॉक्टरांचे पैसे आणि अँटी-डी हे बऱ्याचदा वेगळे असतात. रुग्णालयात जावं लागलं तर फी परत मिळते का आणि मिडवाइफ तुमच्यासोबत थांबते का, हे लिहून घ्या. ३७ ते ४२ आठवडे हा पूर्ण काळ ती मुंबईत आहे का? त्याच महिन्यात तिच्याकडे किती बायकांच्या तारखा आहेत? दोघींच्या जोडीला चाराहून जास्त असतील तर आम्ही ती सेवा टाळू. मेडिक्लेममध्ये बाळंतपण असलं तरी बहुतेक पॉलिसींना रुग्णालयात दाखल होण्याची अट असते, घरच्या खर्चाचा दावा सहसा मिळत नाही. शिवाय रुग्णालयाच्या डिपॉझिटचे पैसे वेगळे तयार ठेवावे लागतात.

बाळ झाल्यावर ती किती वेळ थांबते? वार पडल्यावर निदान तीन-चार तास हवेत. त्यात आईने लघवी केलेली असावी, पोट दाबून गर्भाशय घट्ट आहे हे ठराविक वेळाने बघितलेलं असावं, बाळाने चिकाचं दूध ओढलेलं असावं, व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम मांडीत दिलेलं असावं. ‘नैसर्गिक’ या नावाखाली हे इंजेक्शन टाळणाऱ्या सेवेशी आमचा स्पष्ट मतभेद आहे. जन्माच्या वेळी एसी आणि पंखा बंद, खोली २५ ते २८ अंश. मुंबईत त्यासाठी वेगळा हीटर लागत नाही. पुढच्या भेटी २४ तासांच्या आत, तिसऱ्या दिवशी, मग एक-दोन आठवड्यांत आणि सहा आठवड्यांनी. पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली तर ते धोक्याचं, आणि दृष्ट लागू नये म्हणून पडदे ओढून ठेवलेल्या खोलीत ती दिसत नाही. बाळाला दिवसा खिडकीपाशी नेऊन नाक आणि छातीची कातडी बोटाने दाबून रंग बघायचा. ओल्या बाळंतिणीला शेक द्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या. बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी नको, तिच्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या छातीत जातो.

वापरलेल्या सुया जाड डब्यात आणि वार पिवळ्या पिशवीत मिडवाइफनेच परत न्यायची असते, ज्या रुग्णालयाशी तिचा संबंध आहे तिथल्या जैववैद्यकीय कचऱ्यात. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात ती जाता कामा नये.

लसी मात्र घरी मिळत नाहीत. कावीळ बी ची पहिली मात्रा २४ तासांत, बीसीजी आणि पोलिओचे थेंबही लवकरात लवकर, म्हणून पालिकेच्या जवळच्या प्रसूतिगृहात आधीच बोलून ठेवा. आणि जन्मनोंदणी. रुग्णालयातल्या जन्माची माहिती रुग्णालय पाठवतं, घरच्या जन्माची कुटुंबप्रमुखाने वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागात द्यायची असते, २१ दिवसांच्या आत, फी नाही. त्यानंतर, जन्मापासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग वर्षभरापर्यंत लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागदपत्र, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. सोबत मिडवाइफने सही करून दिलेला कागद न्या: जन्माची तारीख, मिनिटासकट वेळ, मुलगा की मुलगी, वजन, घराचा पूर्ण पत्ता, तिचा नोंदणी क्रमांक. नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा सोडा, ते वर्षभरात विनाशुल्क भरता येतं.